‘हरकत नाही’ची इयत्ता

मागच्या उन्हाळ्यात माझी नात संगणकापुढे बसली होती. इंग्रजी माध्यमाची दहावीची मुलगी. शाळेत निबंध लिहायचा होता आणि बाईंनी सांगितले होते की इंटरनेटवर लेखनाची पातळी तपासून मगच आणा. निबंध खिडकीत टाकायचा, बटण दाबायचे, की यंत्र सांगते, हे लेखन कितवीच्या मुलाला समजेल. तिच्या निबंधाला आठवी मिळाली. ती खूश झाली. मग मला म्हणाली, ‘‘आजोबा, आता तू सांग एखादं वाक्य. तुझी इयत्ता काढू.’’

मी चाळीस वर्षे मराठी शिकवले. पहिली ते सातवी सगळ्या वर्गांवर उभा राहिलो. पहिलीच्या फळ्यावर लिहावे असे वाक्य मी तिला सांगितले : ‘माझे घर समुद्राजवळ आहे.’ भाईंदरला राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपे काय सुचणार! एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा किनारा.

देवनागरीपुढे यंत्राने हात टेकले. कुठे शून्य आले, कुठे भलताच आकडा. तेव्हा नातीने त्या परीक्षेचे सूत्रच शोधून काढले आणि आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. उत्तर आले साडेपंधरा. म्हणजे बारावी झाली, वर साडेतीन वर्षे कॉलेज झाले, की मग म्हणे माझे घर समुद्राजवळ असल्याचे कळते! त्याच अर्थाचे इंग्रजी वाक्य नातीने घातले : ‘माय हाउस इज नियर द सी.’ त्याची इयत्ता आली उणे दीड. पहिलीच्याही खाली, बालवाडीच्याही खाली.

नात पोट धरून हसली. मीही हसलो. पण शिक्षकाची खोड जात नाही. उत्तर चुकले तर ते कुठे चुकले हे पाहायचे असते. आणि त्याच आठवड्यात एका जुन्या नोटिशीतले वाक्य मी त्याच सूत्रात घातले, तेव्हा जे उत्तर आले त्यावर हसू येईना. त्या नोटिशीकडे मी येणारच आहे. आधी हे सूत्र आले कुठून, ते सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे हायस्कुलात जाणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी शिकलेले नव्हते अशी मुले वर्गात आली आणि शिक्षक म्हणू लागले, ही विज्ञानाची पुस्तके मुलांच्या डोक्यावरून जातात. १९२१ साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांसाठी दहा हजार इंग्रजी शब्दांचे पुस्तक काढले. कोणता शब्द किती वेळा वापरात येतो याची ती मोजदाद होती. त्या यादीचा आधार घेऊन १९२३ साली लायव्हली आणि प्रेसी या दोघांनी पाठ्यपुस्तकातल्या शब्दांचा भार मोजण्याची रीत सांगितली. लेखनाची अवघडता आकड्यात पकडण्याचा हा पहिला प्रयत्न मानतात. हेतू चांगला होता. मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी पुस्तकच अवघड आहे का ते पाहा, असे हे लोक सांगत होते.

पुढे या विषयात सर्वांत गाजले ते नाव रुडॉल्फ फ्लेश यांचे. १९११ साली व्हिएन्नात जन्मलेला, कायदा शिकलेला हा माणूस नाझींचे संकट दाराशी आल्यावर १९३८ साली अमेरिकेत गेला. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हे. कदाचित म्हणूनच इंग्रजी लिहिणारे विनाकारण किती जड लिहितात हे त्याच्या लक्षात आले असेल. १९४३ साली कोलंबिया विद्यापीठात त्याने याच विषयावर डॉक्टरेट मिळवली आणि १९४८ साली आपले सुप्रसिद्ध सूत्र प्रसिद्ध केले. सूत्र दोनच गोष्टी मोजते. एका वाक्यात सरासरी शब्द किती, आणि एका शब्दात उच्चाराचे ठोके किती. ‘घर’ म्हणताना एक ठोका, ‘माझे’ म्हणताना दोन. २०६.८३५ या आकड्यातून वाक्याच्या लांबीचा १.०१५ पट आणि ठोक्यांचा ८४.६ पट वजा करायचा. उत्तर शंभराच्या जवळ आले तर लेखन अगदी सोपे, साठ-सत्तर आले तर सर्वसामान्य माणसाला झेपणारे, तिसाच्या खाली गेले तर पदवीधरांपुरते. १९७५ साली अमेरिकन नौदलासाठी किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दोन मापांवरून थेट शाळेची इयत्ता सांगणारे सूत्र बसवले. पुढे ते मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये शिरले, तिथून इंटरनेटवर आले, आणि असे करत करत भाईंदरला माझ्या नातीच्या टेबलावर येऊन पोचले.

या सूत्रांनी काही भले केले नाही, असे मुळीच नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत विम्याची पॉलिसी ग्राहकाला वाचता आली पाहिजे असा कायदा आहे. फ्लोरिडात फ्लेशच्या मापावर किमान ४५ गुण मिळाल्याशिवाय पॉलिसीची भाषा चालत नाही. विम्याचे कागद ज्यांनी कधी वाचायला घेतले असतील, त्यांना या कायद्याची थोरवी मी सांगायला नको.

मग माझ्या समुद्राजवळच्या घराने असे काय पाप केले?

हिशेब पाहा. ‘माझे घर समुद्राजवळ आहे’ यात शब्द चार. ठोके : माझे दोन, घर एक, समुद्राजवळ पाच, आहे दोन. एकूण दहा. म्हणजे दर शब्दाला अडीच ठोके. इंग्रजी वाक्यात शब्द सहा आणि ठोकेही सहाच, दर शब्दाला एक. सगळा फरक इथे आहे. इंग्रजी भाषा ‘नियर’, ‘द’, ‘सी’ असे तीन तुकडे सुटे मांडते. आपली मराठी ‘समुद्र’ला ‘जवळ’ चिकटवून एकच शब्द करते. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितो. ‘घराजवळच्यांनासुद्धा’ हा पाहायला एक शब्द आहे, पण त्यात सात-आठ ठोके आहेत. एवढे असून भाजीवालीपासून प्राध्यापकापर्यंत तो कुणालाही अडत नाही. इंग्रजीत लांब शब्द बहुधा लॅटिन-ग्रीकमधून आलेला, पुस्तकी असतो. म्हणून तिथे शब्दाची लांबी आणि अवघडपणा बऱ्याच अंशी हातात हात घालून जातात. मराठीत ते नाते नाही. ‘मनमोकळेपणाने’ हा लांबलचक शब्द दुसरीतल्या मुलाला कळतो. ‘स्थैर्य’ हा दोन ठोक्यांचा शब्द सातवीतल्या मुलाला विचारून पाहा.

उत्तनच्या बाजारात मासळी वाट्यावर विकतात. कोळणीने पुढे मांडलेला वाटा पाहायचा आणि भाव करायचा. तिथे कापडवाल्याची मीटरपट्टी घेऊन कुणी गेला आणि म्हणाला, ‘हा बोंबील तेवीस सेंटिमीटर आहे, म्हणून महाग,’ तर कोळीण काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही. पट्टी खोटी नसते. तिची जागा चुकलेली असते.

आता दुसरे माप पाहू, वाक्याच्या लांबीचे. वाक्य संपले हे यंत्राला कसे कळते? टिंब दिसले की कळते. पण आपण ‘वि. स. खांडेकर’ लिहितो, ‘डॉ.’ लिहितो, ‘जा. क्र.’, ‘दि.’, ‘रु.’ लिहितो. साध्या यंत्राला यातले प्रत्येक टिंब पूर्णविराम वाटते. म्हणजे ज्या सरकारी कागदात जावक क्रमांक, दिनांक आणि कलमे यांची गर्दी, त्याची वाक्ये यंत्राच्या लेखी आखूड, आणि म्हणून तो कागद सोपा! आणखी एक गंमत नातीनेच केली. माझे वाक्य तिने उलटे लिहिले : ‘आहे समुद्राजवळ घर माझे.’ गुण तेच. शब्द कसेही विस्कटा, यंत्राला अर्थाशी कर्तव्यच नाही.

टिंबाचा विषय निघाला म्हणून थोडे मागे जाऊ. कारण मराठीला पूर्णविराम मिळून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

भाईंदर पश्चिमेला बसमध्ये बसून उत्तनवरून चौक गावी गेलात, की टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष दिसतात. मुंबईतली धारावी ती वेगळी. ही धारावी वसईच्या खाडीच्या तोंडावरची. १७३७ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध वसईची मोहीम सुरू केली. त्या वर्षी ठाणे आणि आपल्या शेजारचे घोडबंदर मराठ्यांकडे आले. धारावीच्या टेकडीसाठी पुढेही झुंज चालली आणि १७३९ साली ती आणि अखेर वसईही मराठ्यांच्या हाती आली. त्या दोन वर्षांत या परिसरातून पुण्याकडे आणि पुण्याहून इकडे पत्रांची सतत ये-जा होती. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले, त्यांत वसई मोहिमेची पत्रेही आहेत.

ही पत्रे मोडी लिपीतली. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे भरभर लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विचार नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. समजा, असे एक शंभर-सव्वाशे शब्दांचे पत्र आजच्या यंत्राला दिले. शब्द आपण सुटे करून दिले तरी टिंब एकही नसल्याने यंत्र ते सगळे एकच वाक्य धरणार. एकशेवीस शब्द आणि दर शब्दाला दोनच ठोके धरले तरी त्याची इयत्ता येते जवळजवळ पंचावन्नावी! आणि तरीही दारूगोळा किती हवा, माणसे कुठे कमी पडली, गलबते कुठे आहेत, हे त्या पत्रांतून पुण्याला नेमके कळत होते. नसते कळले तर वसई हाती आली नसती.

ते कळत होते याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘आले’, ‘गेले’, ‘पाठविले’ म्हटले की वाक्य संपल्याचे कान ओळखतो. दुसरे असे की पत्र पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवले जाई. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हे वाचणारा ठरवी. विरामचिन्हे कागदावर नव्हती, ती वाचणाऱ्याच्या घशात होती. आज नभोवाणीवर बोलताना मला हे विशेष जाणवते. आपल्याला माझे पूर्णविराम दिसत नाहीत, तरी माझे वाक्य कुठे संपले ते आपल्याला कळते आहे.

छापखाने आले, शाळा आल्या, आणि एकट्याने मुकाट वाचण्याची सवय वाढू लागली. मग ही चिन्हे कागदावर उतरवणे भाग पडले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात मदत करणारे मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचे छोटे पुस्तक काढले. इंग्रजीतली चिन्हे मराठीत कशी वापरावीत, हे त्यात सांगितले होते. सरकारी शाळांच्या क्रमिक पुस्तकांवरही कँडीसाहेबांची नजर असे. त्यामुळे ती चिन्हे मुलांच्या हाती पडली आणि रुळली. आपण ज्याला आज ‘वाक्य’ म्हणतो, मोठ्या कष्टाने शुद्धलेखनात ज्याच्या शेवटी टिंब द्यायला शिकवतो, त्याचे छापील रूप इतके अलीकडचे आहे.

बरे, चिन्हे आली म्हणून वाक्ये आखूड झाली का? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यातली वाक्ये लांबच लांब आहेत. अर्ध्या अर्ध्या पानाचे एकेक वाक्य. शेतकऱ्यावर येणारे संकट एकामागून एक सांगत ते वाक्य पुढे सरकत राहते. इंटरनेटवरच्या परीक्षेत हे पुस्तक सपशेल नापास होईल. पण जोतीरावांनी ते लिहीत असताना मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी लोकांना जमवून वाचून दाखवले होते, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आपल्या ठाण्यातही ते वाचले गेले आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. ऐकणाऱ्यांत कधी शाळेत न गेलेले लोक असणारच. त्यांना ते कळले, कारण त्यात त्यांचीच हकीकत होती. लगान, कर्ज, कारकुनाची लाच, हे शब्द कुणाला समजावून द्यावे लागत नव्हते. वाक्य लांब होते, पण ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच ओळखीचा होता.

आपल्याकडे अवघडपणाचे स्वतःचे माप नव्हते असे नाही. कोणत्याही मराठी शिक्षकाला विचारा, मूल कुठे अडखळते? तो सांगेल, जोडाक्षराला. म्हणून पहिलीच्या पुस्तकात आधी ‘कमळ’, ‘बदक’ यांसारखे शब्द येतात. काना-मात्रा मागून येतात, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. लहान मुलांसाठी आणि नवसाक्षरांसाठी जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके आपण छापत आलो. फ्लेशच्या सूत्रात जोडाक्षराला जागा नाही, कारण इंग्रजीत ती भानगडच नाही. २०१२ साली खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी बंगाली आणि हिंदी लेखनासाठी वेगळी सूत्रे सुचवली, तेव्हा त्यांनी वाचकांना उतारे देऊन पाहिले आणि इंग्रजीची सूत्रे इथे लागू पडत नाहीत असे दाखवले. जोडाक्षरांची मोजणीही त्यांनी हिशेबात घेतली. मराठीसाठीही असे काम नेटाने व्हायला हवे.

पण जोडाक्षरे मोजली की काम झाले, असे समजण्याची चूक मी स्वतः केली आहे. आता त्या नोटिशीकडे येतो.

१९८८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू केले. त्यानंतरच्या काही वर्षांत मी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेत असे. त्या वर्गात उत्तनकडच्या एक मावशी येत. दिवसभर मासळी विकून संध्याकाळी पाटी घेऊन बसायच्या. हाताला सुक्या बोंबलाचा वास यायचा म्हणून मागे बसायच्या. वर्षभरात त्या वाचायला शिकल्या. जोडाक्षरेसुद्धा. ज्या दिवशी त्यांनी बसवरची पाटी स्वतः वाचली, त्या दिवशी मला पेढे मिळाले. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान क्वचितच वाटला असेल.

काही वर्षांनी मावशींच्या घरी एका कचेरीतून नोटीस आली. दीर त्यांचे राहते घर आपल्या एकट्याच्या नावावर लावून घेत होता, आणि त्याबाबत कुणाची तक्रार असल्यास पंधरा दिवसांत कळवा, असा त्या नोटिशीचा मतलब होता. मावशींनी ती स्वतः वाचली. कुणाला वाचून मागायची आता गरज नव्हती ना! त्यातले महत्त्वाचे वाक्य साधारण असे होते : ‘मुदतीत हरकत न आल्यास आपली हरकत नाही असे समजले जाईल.’

मावशींनी अक्षर न् अक्षर बरोबर वाचले. ‘हरकत’ माहीत होते. ‘हरकत नाही’ तर त्या दिवसातून दहा वेळा म्हणत. गिऱ्हाईक म्हणाले, दोन रुपये उद्या देते, की ‘हरकत नाय’. तेव्हा त्यांना वाटले, कचेरी आपल्याला सांगते आहे की काही हरकत नाही, काळजी करू नका. त्यांनी नोटीस घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली. पाहुणे आले की दाखवायच्या, माझ्या नावाने सरकारी कागद आला आणि मी वाचला म्हणून.

मुदत उलटून दोन महिने झाल्यावर ती घडी माझ्यासमोर उलगडली गेली. घर दिराच्या नावावर लागले होते. ते पुन्हा दोघांच्या नावावर यायला दोन वर्षे गेली, आणि मासळीचे कितीतरी दिवस बुडाले. मावशी मला एकदाच म्हणाल्या, ‘‘गुरुजी, मी तर बरोबर वाचला होता ना?’’ मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? त्यांनी बरोबरच वाचले होते. वाचायला शिकवताना ‘यातून तुम्ही काय समजलात’ हे विचारायचे मीच विसरलो होतो.

तेच वाक्य मी परवा नातीबरोबर त्या सूत्रात घातले. शब्द दहा. आपण बोलतो तसे ‘मुद-तीत’, ‘हर-कत’ असे धरून ठोके वीस. इयत्ता आली बारावी. आणि ‘माझे घर समुद्राजवळ आहे’ याची इयत्ता साडेपंधरा! म्हणजे जे वाक्य पहिलीतले मूल वाचेल आणि समजेल, ते यंत्राच्या मते अवघड. ज्या वाक्याने एका बाईचे घर तिच्या हातून जवळजवळ गेले, ते त्यामानाने सोपे. त्या वाक्यात अवघड शब्द नाही, फार जोडाक्षरे नाहीत, लांबीही बेताची. अवघड आहे ती त्यातली दोनदा आलेली नकाराची गाठ, आणि ‘तुम्ही गप्प बसलात तर तुमचे नुकसान होईल’ हा न लिहिलेला अर्थ. या दोन्ही गोष्टी मोजणारी पट्टी मला अजून भेटलेली नाही.

१९९५ साली मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते आहे. कार्यकर्ते घरोघर जातात, मुलाला जवळ बसवतात आणि अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते ते पाहतात. मूल वाचत असताना समोर माणूस बसलेला असतो, हे मला त्या पाहणीत आवडते. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचे वाचता येत नाही, हे देशाला त्यातून कळले आणि बरीच झोप उडाली. पण तिथेही मावशी शेवटच्या पायरीपर्यंत उत्तीर्ण झाल्या असत्या. वाचता येणे ही पहिली पायरी. कागदाने आपल्याला काय करायला सांगितले आहे, हे कळणे ही पुढची.

आणि आता या सूत्राची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती मला सगळे वाचून झाल्यावर उमगली. फ्लेश यांनी आपले आकडे हवेतून आणले नव्हते. १९२५ साली अमेरिकेत मॅकॉल आणि क्रॅब्ज यांनी मुलांसाठी छोट्या उताऱ्यांची पुस्तके काढली होती. प्रत्येक उताऱ्याखाली प्रश्न होते. मुलांनी वाचून उत्तरे दिली होती आणि कोणत्या उताऱ्याची उत्तरे कितवीच्या मुलांना देता येतात, ते नोंदले गेले होते. त्या उत्तरांशी जुळवून फ्लेश यांनी सूत्र बांधले. नौदलाच्या सूत्राच्या वेळी शिकाऊ जवानांना मधले शब्द गाळलेले उतारे देऊन पाहिले होते. म्हणजे मुळात माप माणसाला विचारूनच घेतले होते. सूत्र ही नंतरची पळवाट आहे. दरवेळी शंभर मुलांना कुठे विचारत बसा, म्हणून काढलेली. ती त्या मुलांना, त्या भाषेला, त्या काळाला लागू होती. आपण पळवाट तेवढी उचलली आणि विचारणे सोडून दिले.

मी नातीला यंत्र वापरू नकोस असे सांगितले नाही. इंग्रजी निबंधात तिची वाक्ये फार लांबत असतील तर यंत्राने जरूर टोकावे. पण मराठीत नोटीस काढणाऱ्या, अर्जाचा नमुना करणाऱ्या, औषधाच्या बाटलीवर सूचना लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. कागद छापायला देण्याआधी तो तुमच्या कचेरीबाहेरच्या एका माणसाला द्या. तो चहावाला असेल, पहारेकरी असेल, मासळीवाली असेल. त्याला मोठ्याने वाचू द्या. आणि मग ‘कळले का?’ असे विचारू नका, कारण आपल्याकडे कुणीही ‘नाही’ म्हणत नाही. विचारा, ‘आता उद्या तुम्ही काय कराल?’ उत्तर चुकले, तर दोष त्याच्या वाचनाचा नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. या परीक्षेला संगणक लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही.

नातीबरोबर बसून मी त्या वाक्याचे दुसरे रूप तयार केले : ‘हे घर तुमच्या दिराच्या एकट्याच्या नावावर होणार आहे. तुम्हाला ते मान्य नसेल तर पंधरा दिवसांत या कचेरीत येऊन सांगा. तुम्ही आला नाहीत तर घर त्यांच्या नावावर होईल.’ त्या रविवारी आम्ही दोघे उत्तनला गेलो. मावशी आता थकल्या आहेत, चष्मा जाड झाला आहे. नातीने कागद पुढे केला. मावशींनी बोट ठेवत सावकाश वाचला. नातीने विचारले, ‘‘आजी, आता काय कराल?’’

मावशींनी कागद खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘‘करायचा काय? चप्पल घालायची आनि पयली गाडी पकडून हापिसात जायाचा!’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)